पिल्लाची आई कुठे आहे?

आज आपण ज्याला शिवाजी पार्क म्हणतो ते मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क असे होते. शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने (जन्मवर्षाच्या जुन्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही) १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने ते बदलले. गेल्या शंभर वर्षांत या मैदानाच्या कट्ट्याने क्रिकेट पाहिले, सभा पाहिल्या, मोर्चे पाहिले आणि निवृत्त मंडळींच्या राजकारणावरील न संपणाऱ्या चर्चा ऐकल्या. अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत सकाळच्या या दृश्यात एका नव्या घटकाची भर पडली आहे. पूर्वी येथे फार तर एखादा अल्सेशियन, दोन-चार पॉमेरेनियन आणि प्रत्येक इमारतीचा एक सामुदायिक मोती दिसे. आता लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, बीगल, शिह त्झू, पग, एवढेच नव्हे तर सायबेरियाच्या बर्फासाठी निसर्गाने दुहेरी लोकर दिलेला हस्कीही मे महिन्याच्या उकाड्यात जीभ बाहेर काढून धापा टाकताना दिसतो. मध्यमवर्गाच्या वाढत्या उत्पन्नाचे दर्शन शेअर बाजाराच्या निर्देशांकात होते तसेच ते केळुस्कर मार्गावरून साखळीने चालणाऱ्या या प्राण्यांतही होते.

या प्राण्यांविषयी किंवा त्यांच्या हौशी मालकांविषयी तक्रार करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. ज्या घरात माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत त्या घरात एक कुत्रा पुष्कळ काही सांधून ठेवतो, हे अनेकांनी अनुभवले आहे. प्रश्न आहे तो कट्ट्यावर कधीच न दिसणाऱ्या प्राण्यांचा, म्हणजे या पिल्लांच्या आयांचा. त्या कुठे आहेत, कशा स्थितीत आहेत, त्यांची किती वेते झाली आहेत, हे सहसा कुणाला ठाऊक नसते आणि बहुतेकांनी ते विचारलेलेही नसते.

आमच्या परिसरातील एका शिक्षिकेची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. मुलाला दहावीच्या निकालापूर्वी दिलेला शब्द पाळण्यासाठी बाईंनी लॅब्राडोरचे पिल्लू घ्यायचे ठरवले. मोबाईलवर छायाचित्रे आली. ‘हेवी बोन’, ‘पंचेचाळीस दिवसांचे’, ‘पेपर हवे असतील तर भाव वेगळा’ अशी त्या व्यापाराची खास परिभाषा कानावर पडली. ठरलेल्या दिवशी दादर स्टेशनबाहेर एका मनुष्याने पुठ्ठ्याच्या खोक्यातून पिल्लू आणून दिले, पैसे घेतले आणि तो गर्दीत दिसेनासा झाला. चौथ्या दिवशी पिल्लाला उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी पार्व्हो या विषाणूचे निदान केले आणि दातांवरून पिल्लाचे वय पस्तीस दिवसांहून अधिक नसावे असे सांगितले. सातव्या दिवशी पिल्लू गेले. विक्रेत्याचा दूरध्वनी त्यानंतर लागला नाही. पिल्लाची आई पाहिली होती का, असे विचारता बाई म्हणाल्या, ‘ती कुठेतरी लांब, फार्मवर आहे, एवढेच तो बोलला होता.’

हा फसवणुकीचा अपवादात्मक प्रकार आहे असे कुणी समजू नये. पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः तीन ते सात दिवस जातात. म्हणजे पैसे हातात पडताना पिल्लू टवटवीत असते आणि आजार खरेदीदाराच्या घरी पोहोचल्यावर प्रकट होतो. विक्रेत्याला सोयीची अशी ही मुदत निसर्गानेच दिली आहे, आणि एक संपूर्ण व्यापार तिच्यावर उभा आहे.

खटाऱ्यांचा बाजार

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा १९७० साली प्रसिद्ध झालेला निबंध परिचित असेल. तीन नियतकालिकांनी नाकारल्यानंतर चौथ्याने तो छापला आणि २००१ साली याच विषयातील कार्यासाठी त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. निबंधाचा विषय दिसायला अगदी क्षुल्लक होता: जुन्या मोटारींचा बाजार. आपली मोटार उत्तम आहे की खटारा, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते. घेणाऱ्याला मात्र दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून तो चांगल्या मोटारीची पूर्ण किंमत द्यायला तयार होत नाही, मधली कुठली तरी किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगली मोटार विकणे परवडत नसल्याने चांगल्या मोटारींचे मालक बाजारातून निघून जातात आणि मागे खटारेच उरतात. खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हुसकावते या ग्रेशॅमच्या जुन्या नियमाशी याचे साम्य आहे, पण एक फरक आहे. नाण्याच्या बाबतीत खरे-खोटे दोघांनाही कळत असते. येथे ते एकाच पक्षाला कळते.

अ‍ॅकरलॉफ हा निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी काही काळ भारतात राहून गेले होते आणि त्याच्या खुणा त्यात आहेत. बाजारातून आणलेल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे खडे गृहिणीला निवडावे लागतात, हे उदाहरण त्यांनी दिले आहे. आपल्या आई-आजींना सुपात तांदूळ पाखडताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना माहितीची विषमता म्हणजे काय ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पिल्लाच्या बाबतीत अडचण अशी की त्यातले खडे सुपात दिसत नाहीत. मागच्या पायांच्या खुब्याचा सांधा सदोष घडला आहे की नाही, हे दीड-दोन वर्षांनी लंगडताना कळते. पिंजऱ्याच्या अंधारात वाढल्यामुळे ते जन्मभर भित्रे किंवा चावरे होणार आहे की नाही, हे सहा महिन्यांनी समजते. अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर १९६५ साली मांडले की, पिल्लाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात माणसांची आणि स्वजातीची ओळख पक्की होते. हा काळ वाया गेला तर पुढे तो भरून काढणे फार कठीण जाते. या दहा आठवड्यांतील मोठा भाग पिल्लू पैदासकाराकडे, म्हणजे व्यवहारात ज्याला ब्रीडर म्हणतात त्याच्याकडे, काढत असते. ते आठवडे कसे गेले याचा कोणताही पुरावा त्या खोक्यात नसतो.

पाच वेते आणि तेरा वेते

पिल्लांचे कारखाने हा शब्दप्रयोग कुणाला अतिशयोक्त वाटेल. त्याचे अर्थकारण पाहिले तर तो अचूक आहे असे दिसून येईल. केंद्र सरकारने २३ मे २०१७ रोजी श्वानपैदास व विक्री यांविषयीचे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार मादी अठरा महिन्यांची होण्यापूर्वी तिची वीण घेता येत नाही, बारा महिन्यांत एकापेक्षा अधिक वेत घेता येत नाही, वयाच्या आठव्या वर्षानंतर तिला विश्रांती द्यावी लागते आणि उभ्या आयुष्यात पाचच वेते घेता येतात. आता निसर्गाकडे पाहू. कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि तिचा गर्भकाळ सुमारे त्रेसष्ट दिवसांचा असतो. अठरा महिने ते आठ वर्षे या साडेसहा वर्षांत प्रत्येक माजाला ती गाभण ठेवली तर कागदावर तेरा वेते होतात. एका वेतात सरासरी सहा पिल्ले धरली, तर नियम पाळणाऱ्याला एका मादीमागे तीस पिल्ले मिळतात आणि न पाळणाऱ्याला अठ्ठ्याहत्तर. मधली अठ्ठेचाळीस पिल्ले हा कारखान्याचा नफा. तो मादीच्या हाडांतील कॅल्शियममधून आणि तिच्या गर्भाशयातून काढलेला असतो. अर्थात हा हिशेब कागदावरचा आहे. प्रत्यक्षात बहुतेक शरीरे त्यापूर्वीच मोडतात, आणि कारखानदार अठरा महिने थांबतही नाही.

खर्चाची बाजू याहून बोलकी आहे. जबाबदार पैदासकार वीण घेण्यापूर्वी नर-मादीच्या खुब्यांची क्ष-किरण तपासणी करून घेतो. अमेरिकेत या दोषाच्या नोंदीसाठी १९६६ पासून स्वतंत्र संस्था काम करीत आहे, तेव्हा ही काही कालची कल्पना नव्हे. गाभण मादीचा आहार, जंतांची औषधे, लसी, पिल्ले घरातच माणसांच्या पायांत वाढवण्याची दगदग आणि रात्रीची जागरणे हे सगळे त्याच्या उत्पादनखर्चात मोडते. यांपैकी प्रत्येक खर्च कारखान्यात वाचवता येतो. पिल्लू आठव्या आठवड्याऐवजी पाचव्या आठवड्यातच विकले की तीन आठवड्यांचे खाणे वाचते, लस वाचते, शिवाय पिल्लू जितके लहान तितके गोजिरवाणे दिसत असल्याने गिऱ्हाईकही लवकर पाघळते. पिल्लाला आईची गरज असतानाच तिच्यापासून तोडले जाते, ही गोष्ट त्या व्यवहारात कुठेच मांडली जात नाही.

मागणी कशी निर्माण होते, तेही पाहण्यासारखे आहे. २००३ साली हच या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागेमागे जाणारा पग दाखवला गेला. जाहिरात खरोखर सुरेख होती. तिने जाळे किती पसरले ते कंपनीला ठाऊक; पग मात्र घरोघरी पसरले. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. ज्याचे नाक आणि घसा मनुष्याने आपल्या आवडीसाठी पिढ्यान्‌पिढ्या आखूड करीत आणला आहे त्याला मुंबईच्या दमट हवेत हे काम किती जड जाते, याची जाहिरातीत वाच्यता होण्याचे कारण नव्हते. पुढे हस्कीची लाट आली. लाटेचा व्यापाऱ्याला फायदा असा की, कोणत्या जातीची पिल्ले सहा महिन्यांनी खपतील याचा त्याला अंदाज येतो. तोटा त्या जातीला होतो, कारण घाईने वाढवलेल्या पुरवठ्यात भाऊ-बहीण, बाप-लेक यांची वीण सर्रास घेतली जाते.

शंभर रुपयांचा कायदा

कायदा नाही अशी तक्रार करण्यास मात्र जागा नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत या विषयावर खाजगी विधेयक मांडले, सरकारने स्वतः कायदा करण्याचे आश्वासन दिले आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. २०१५ साली विधी आयोगाने आपल्या २६१व्या अहवालात प्राण्यांची दुकाने आणि श्वानपैदास यांच्या नियमनाची गरज सांगितली. त्यानंतर २०१७ चे वर उल्लेखिलेले नियम आले आणि २०१८ साली प्राण्यांच्या दुकानांसाठी वेगळे नियम आले. पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, नोंदवह्या ठेवल्या पाहिजेत, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता कामा नये. सारे काही लिहिलेले आहे. कागदावर पाहिले तर आपण कित्येक प्रगत देशांच्या पंक्तीला बसतो.

आता दंडाकडे पाहावे. १९६० च्या कायद्याखाली क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. त्या कायद्याखालील नियम मोडल्यास दंड जास्तीत जास्त शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली पन्नास रुपये ही कारकुनाच्या पगारातील डोळ्यांत भरणारी रक्कम होती. आज शंभर रुपयांत दादरच्या साध्या उपाहारगृहात दोघांची न्याहारीही धड होत नाही, आणि एकेक पिल्लू हजारांनी विकले जाते. कोणताही हिशेबी मनुष्य अशा दंडाकडे शिक्षा म्हणून पाहणार नाही. परवान्याचे किरकोळ शुल्क म्हणूनच पाहील. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला आणि त्यात दंड वाढवण्याची तरतूद होती. परंतु मसुद्याचा कायदा झालेला नाही. शिवाय केवळ दंड वाढवून भागणारे नाही. उपनगराबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद सदनिकेच्या मागच्या खोलीत काय चालले आहे, हे पाहायला जाणारा निरीक्षक कुठून आणायचा? ज्या राज्यात दुधातील भेसळ तपासायला पुरेशी माणसे मिळत नाहीत तेथे श्वानपैदासीसाठी ती मिळतील, अशी आशा करणे भाबडेपणाचे आहे.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे की, या बाजारात निरीक्षकाचे काम करू शकेल असा एकच मनुष्य आहे आणि तो म्हणजे खरेदीदार. तो पैसे देण्यापूर्वी प्रत्यक्ष जागेवर जाऊ शकतो. कायद्याला ज्या दारात वॉरंट लागते त्या दारात तो गिऱ्हाईक म्हणून सहज उभा राहतो. दार उघडले नाही तर तेच त्याला हवे असलेले उत्तर असते.

उपरण्याखालची बोटे

हे सारे आपल्याला नवे आहे असे नाही. खरसुंडीच्या यात्रेत खिल्लार खोंड घेणारा शेतकरी काय करतो? तो दात पाहतो, खूर पाहतो, खोंडाला चालवून पाहतो, आई दुधाला कशी होती आणि बाप कुणाच्या दावणीचा हे विचारतो, आणि मगच उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवतो. सोयरीक जुळवताना तर आपण तीन पिढ्यांची चौकशी करतो. त्याच शेतकऱ्याचा मुंबईत स्थायिक झालेला नातू बारा वर्षे घरात राहणारा प्राणी दोन छायाचित्रे पाहून मागवतो. शिक्षणाने माहिती मिळवण्याची साधने वाढली. माहिती मागण्याची सवय मात्र कमी झाली, असेच म्हणावे लागेल.

कुत्र्यांच्या बाबतीतही असा डोळस बाजार आपल्याकडे होता. मराठवाड्यात आणि दक्षिण महाराष्ट्रात ज्याला कारवानी म्हणतात तो उंच, लांब पायांचा शिकारी कुत्रा गावागावांत पिढ्यान्‌पिढ्या राखला गेला. कृष्णाकाठच्या सीमाभागात, आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात असलेल्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या वंशाची निगुतीने जोपासना केली आणि त्यातील एक जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली. तेथूनच ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांच्या चार जातींवर तिकिटे काढली त्यांत मुधोळला स्थान मिळाले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वानसंशोधन केंद्रही आहे. जुन्या गावव्यवस्थेत पिल्लू घेणारा मनुष्य आईला शेतात ससा धरताना पाहिलेला असे, बाप शेजारच्या वाडीतला असे, आणि विकणाऱ्याला त्याच गावात तोंड दाखवायचे असे. पैदासकाराची पत हीच तेथील हमी होती. ती व्यवस्था निर्दोष होती असे सुचवायचे नाही. नको असलेल्या पिल्लांचे तेथे काय होई ते सांगण्यासारखे नाही. पण माहिती लपवणे तेथे कठीण होते. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० मध्ये नभोवाणीवरील भाषणात देशी जातींचे कौतुक केले तेव्हा त्यांत मुधोळचाही उल्लेख होता. देशी वंशाचा अभिमान योग्यच आहे. मात्र पगचे जे झाले ते कारवानीचे होऊ नये, एवढी काळजी घ्यावी लागेल. एकरभर धावणारा हा प्राणी दोन खोल्यांच्या घरात कोंडणे हा देशाभिमान नव्हे.

इंग्लंडने याच प्रश्नाला हात घातला तेव्हा नेमके आईपासूनच सुरुवात केली. २०१३ साली वेल्समधील एका पिल्लांच्या कारखान्यातून ल्युसी नावाची कॅव्हेलियर स्पॅनियल जातीची कुत्री सोडवण्यात आली. वर्षानुवर्षे अरुंद पिंजऱ्यात वेतामागून वेत दिल्याने तिचा कणा वाकला होता. तिच्या नावाने चळवळ उभी राहिली आणि ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांखालील पिल्ले दुकानदाराने वा दलालाने विकण्यास बंदी आली. पिल्लू हवे असेल तर ते थेट पैदासकाराच्या जागी, आईच्या सान्निध्यातच पाहून घ्यायचे, किंवा प्राणी-आश्रयगृहातून आणायचे. व्यापारी बुद्धी तेथेही स्वस्थ बसली नाही. गिऱ्हाईक येण्याच्या वेळी दुसरीच कुत्री पिल्लांजवळ बसवण्याचे, म्हणजे भाड्याची आई दाखवण्याचे प्रकार उघडकीस आले. तथापि खोटी आई उभी करावी लागते यावरूनच खऱ्या आईचे महत्त्व सिद्ध होते.

तेव्हा आई पाहायची म्हणजे काय पाहायचे? नुकत्याच व्यालेल्या कुत्रीची आचळे भरलेली किंवा ओघळलेली असतात, पिल्ले तिच्याकडे झेपावतात आणि ती त्यांना ओळखते. भाड्याची आई गुरगुरते किंवा उठून निघून जाते. मादी माणसाकडे शेपूट हलवीत येते की कोपऱ्यात दबून बसते, हेही पाहावे, कारण पिल्लाच्या स्वभावाचा अंदाज देणारी याहून चांगली कसोटी सामान्य मनुष्याच्या हाती नाही. कोणत्या खोलीत ती राहते, तिथे वास कसला येतो, घरातील मुले तिला नावाने हाक मारतात का? ‘आई फार्मवर आहे’, ‘तुम्ही येऊ नका, मीच आणून देतो’, ‘आजच ठरवा, दुसरे गिऱ्हाईक थांबले आहे’ यांपैकी एकही वाक्य ऐकू आले की नमस्कार करून उठावे. मंडळाच्या नोंदणीचे प्रमाणपत्र मागावे. केनेल क्लबचे कागद वंशावळ सांगतात. आरोग्याची किंवा वागणुकीची हमी देत नाहीत, आणि तो क्लब ही सरकारी यंत्रणाही नव्हे, याचे पुष्कळांना भान नसते. खुब्यांच्या तपासणीचा अहवाल वेगळा मागावा लागतो. जो पैदासकार एकाच वेळी सात-आठ जाती ‘उपलब्ध’ असल्याचे सांगतो तो पैदासकार नसून दलाल आहे असे खुशाल समजावे.

याच्या उलट चांगल्या पैदासकाराकडे गेल्यावर प्रथम आपलाच अपमान झाल्यासारखे वाटते. घर केवढे आहे, दिवसभर घरी कोण असते, पूर्वी कुत्रा होता का आणि त्याचे काय झाले, इमारतीत उद्वाहक आहे का, असे प्रश्न तो विचारतो. पिल्ले सध्या नाहीत, सहा-आठ महिने थांबावे लागेल, असे सांगतो. काही वेळा तुम्हाला ही जात झेपणार नाही असे तोंडावर ऐकवतो. पुढे केव्हाही कुत्रा सांभाळणे अशक्य झाले तर तो रस्त्यावर न सोडता माझ्याकडे परत आणा, असे लिहून घेतो. अ‍ॅकरलॉफच्या बाजारात चांगला माल ओळखण्याची खूण नसते असे वर म्हटले. येथे ती खूण आहे. जो विकायला उतावीळ नाही त्याच्याकडून घ्यावे. त्याचा भाव जास्त असेल, पण त्या जास्तीच्या रकमेत नफ्यापेक्षा खर्चाचा भाग मोठा असतो. शिक्षक आणि कारकून यांनी तर स्वस्त पिल्लाच्या मोहात मुळीच पडू नये. श्रीमंताला रोगट कुत्र्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च सोसतो. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याला तो कर्जात लोटतो.

मग जातिवंत पिल्लू हवेच कशाला, असा प्रश्न पुष्कळजण करतील आणि तो रास्त आहे. महापालिकेच्या २०१४ च्या गणनेत मुंबईत सुमारे ९५ हजार भटके कुत्रे आढळले होते. त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी निर्बीजीकरणावर सार्वजनिक पैसा खर्च होतो. त्यासाठी २००१ मध्ये केलेल्या नियमांची जागा २०२३ मध्ये नव्या नियमांनी घेतली. म्हणजे एकीकडे समाज कुत्र्यांचे जन्म रोखण्यासाठी कर भरतो आणि दुसरीकडे खाजगी कारखाने ते वाढवून नफा मिळवतात. हौस फिटल्यावर सोडून दिलेल्या पगचा किंवा हस्कीचा भार कारखानदारावर पडत नाही. तो परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयावर, त्याच्या आवारातील १८८६ पासूनच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील तरुण डॉक्टरांवर आणि स्वखर्चाने धावपळ करणाऱ्या कार्यकर्त्यांवर पडतो. नफा खाजगी आणि खर्च सार्वजनिक, हे चित्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला इतर उद्योगांतूनही ओळखीचे आहे. ज्याला केवळ सोबत हवी आहे त्याने आपल्याच गल्लीतील, या हवेत वाढलेले, काटक देशी पिल्लू योग्य वयाचे होताच घरी आणावे, लसी द्याव्यात, निर्बीजीकरण करून घ्यावे. त्याची आई बहुधा कोपऱ्यावरच्या पानवाल्याच्या फळीखाली बसलेली असते आणि तिची चौकशी करायला फार लांब जावे लागत नाही.

ज्याला विशिष्ट जातीचाच कुत्रा हवा आहे, त्याने पैदासकाराला आणखी एक प्रश्न विचारावा. तो सहसा कुणी विचारीत नाही. ज्या माद्यांची पाच वेते झाली, ज्यांनी आठ वर्षे ओलांडली, त्या आता कुठे आहेत? कारखान्यात या प्रश्नाला उत्तर नसते. चांगल्या घरात उत्तर देण्याचीही गरज पडत नाही. ती म्हातारी बाहेरच्या खोलीत पलंगाखाली पंख्याचा वारा घेत पडलेली असते, आणि पाहुणा आला म्हणून एक डोळा उघडून पुन्हा मिटते.